अनुपानाचे अर्थकारण

२०२१ सालच्या मे-जून महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या तोंडी एक अवघड नाव बसले. करोनातून उठलेल्या रुग्णाच्या नाकाला, डोळ्याला किंवा जबड्याला काळ्या बुरशीने ग्रासले की डॉक्टर चिठ्ठीवर ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी’ असे लिहून देत, आणि नातेवाईक ती चिठ्ठी घेऊन औषधांची दुकाने पालथी घालीत. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात या रोगाचे पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी नऊ हजारांवर एकट्या महाराष्ट्रातील होते. केंद्र सरकारने राज्याराज्यांना कुप्यांचा वाटा ठरवून दिला. वस्तू व सेवा कर परिषदेने १२ जून रोजी या औषधावरील पाच टक्के कर माफ केला. तरीही औषध सहजी मिळत नव्हते, आणि मिळाले तरी परवडत नव्हते.

परवडत नव्हते म्हणजे किती, याचा हिशेब कोणताही कारकून दोन मिनिटांत मांडू शकेल. दर किलो वजनामागे दिवसाला पाच मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मात्रा. साठ किलोच्या माणसाला तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज लागणार. एका कुपीची किंमत त्या दिवसांत पाच ते आठ हजार रुपये सांगितली जात होती. ती सहा हजार धरली तरी दिवसाला छत्तीस हजार आणि तीन आठवड्यांच्या उपचाराला साडेसात लाखांवर रुपये होतात. शस्त्रक्रिया, खाट आणि तपासण्या यांचा खर्च निराळाच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ॲम्फोटेरिसिन हे औषध काही नवे नाही. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून ते १९५०-६० या दशकाच्या मध्यास मिळविण्यात आले. त्यावरील मूळ एकस्वाची मुदत संपून कित्येक वर्षे लोटली. त्याचे साधे इंजेक्शन त्याही वेळी काही शे रुपयांत मिळे. तथापि ते शिरेतून दिले की रुग्णाला थंडी भरून ताप येतो, आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचे भय मोठे असते. म्हणून तेच औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पुटिकांत बंदिस्त करून देण्याची युक्ती निघाली. पुटिका औषधाला बुरशीपर्यंत नेते आणि वाटेत मूत्रपिंडाचे पुष्कळसे रक्षण करते. २०२१ साली टंचाई झाली ती या पुटिकांतील औषधाची. म्हणजे दुर्मिळ आणि महाग झाले ते औषधाचे वाहन.

औषध स्वस्त आणि वाहन महाग, हा प्रकार अपवादात्मक असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आज साऱ्या जगाच्या औषध व्यवसायाची चाल याच दिशेने आहे. तिचा अर्थ समजून घेणे हे मधुमेही आईवडिलांची औषधे पगारातून विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

जुनी कल्पना, नवा बाजार

‘ड्रग डिलिव्हरी’ या संज्ञेचे ‘औषध वितरण’ असे भाषांतर केले की डोळ्यांपुढे घाऊक व्यापारी आणि दुकाने उभी राहतात. वस्तुतः तिचा अर्थ वेगळा आहे. औषध शरीरात हव्या त्या जागी, हव्या त्या मात्रेत आणि हव्या त्या वेगाने पोहोचविण्याची सारी साधने तिच्यात येतात. चोवीस तास थोडे थोडे विरघळणारी गोळी, दमेकऱ्याचा इनहेलर, इन्शुलिनचे पेन, त्वचेवर चिकटवायची पट्टी, हृदयाच्या रोहिणीत बसविण्याचा औषधलेपित स्टेंट हे सर्व त्याचेच प्रकार. आपल्याकडे यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे, तो म्हणजे अनुपान. वैद्य मात्रा देई तेव्हा ती मधातून चाटवायची, तुपातून द्यायची की कोमट पाण्याबरोबर घ्यायची, हेही सांगे. मधाला तर आयुर्वेदाने ‘योगवाही’ म्हणजे दुसऱ्याचा गुण वाहून नेणारा म्हटले आहे. अनुपान बदलले की औषधाचा गुण बदलतो हे तत्त्व, तपशिलातील फरक सोडल्यास, आजच्या औषधनिर्माणशास्त्रालाही मान्य व्हावे.

फरक पडला आहे तो अर्थकारणात. वैद्याचे अनुपान घरच्या फडताळातून निघे. त्याचा निराळा आकार कोणी लावीत नसे. आजचे अनुपान कारखान्यात तयार होते, त्याचे एकस्व घेतले जाते, आणि पुष्कळदा मूळ मात्रेपेक्षा त्याचेच मोल अधिक असते. या बाजाराच्या आकारमानाविषयी नाना अहवाल प्रसिद्ध होतात, आणि त्यांतील आकडे परस्परांशी जुळत नाहीत. याचे कारण व्याख्येत आहे. वाहनाची किंमत औषधाच्या किमतीत मिसळलेली असल्याने इन्शुलिनच्या भरलेल्या पेनातील किती रुपये औषधाचे आणि किती पेनाचे, हे कोण कसे वेगळे करणार? आकड्यांचा नाद सोडून वाढीची कारणे पाहिली तर अधिक उमज पडतो.

पहिले कारण शास्त्रीय आहे. अलीकडची अनेक प्रभावी औषधे प्रथिनांच्या जातीची आहेत. ती गिळली तर जठर त्यांना डाळीच्या वरणाप्रमाणे पचवून टाकते. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाचे उदाहरण बोलके आहे. इंजेक्शनाने ते आठवड्यातून एकदा, साधारण एक मिलिग्रॅम इतके पुरते. त्याचीच गोळी २०१९ साली अमेरिकेत मान्य झाली. जठरातून औषध रक्तात शिरावे म्हणून तिच्यात एक साहाय्यक द्रव्य घातलेले असते. तरीही गिळलेल्या औषधाचा शंभरावा हिस्साच काय तो रक्तात उतरतो. म्हणून गोळी रोज चौदा मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे आठवड्याला अठ्ठ्याण्णव मिलिग्रॅम घ्यावी लागते. सुई टाळण्यासाठी जवळजवळ शंभरपट औषध खर्ची पडते! सुईची भीती माणसाला किती मोलाची वाटते, याचे याहून चांगले माप अर्थशास्त्राच्या वर्गातही सापडणार नाही. त्यात दीर्घकालीन रोगांची भर पडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. ज्याला वीस-तीस वर्षे घरीच, स्वतःच्या हाताने औषध घ्यायचे आहे, त्याला वाहन सुटसुटीत हवे असणे स्वाभाविक आहे.

दुसरे कारण निखळ आर्थिक आहे. नवा रेणू शोधण्याचा खर्च अफाट आणि यश अनिश्चित. उलट एकस्व संपले की जुन्या रेणूची किंमत स्पर्धेमुळे कोसळते. अशा वेळी जुना रेणू नव्या वाहनात बसवून बाजारात आणणे हा कमी जोखमीचा मार्ग ठरतो. एडवर्ड चेंबरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली मक्तेदारीयुक्त स्पर्धेची उपपत्ती मांडताना वस्तुभेदाचे जे तत्त्व सांगितले, त्याचेच हे रूप. साबणाच्या वडीला नवा वास आणि नवे वेष्टन दिले की तिची किंमत शेजारच्या वडीहून वेगळी ठेवता येते. मात्र साबण न आवडला तर गिऱ्हाईक दुसरा घेते. औषधाच्या बाबतीत निवड डॉक्टर करतो, पैसे रुग्ण मोजतो, आणि नाही म्हणण्याची सोय नसते. मागणी अशी ताठर असेल तेथे वस्तुभेदाचे हत्यार फार धारदार होते.

मोल सार्थ ठरते तेव्हा

याचा अर्थ नवे वाहन म्हणजे केवळ नफेखोरीची क्लृप्ती, असा कोणी घेऊ नये. बिहारमधील काळा आजाराची हकीकत या दृष्टीने अभ्यासनीय आहे. या रोगावर साधे ॲम्फोटेरिसिन देत तेव्हा एक दिवसाआड पंधरा इंजेक्शने होत, आणि रुग्णाला जवळजवळ महिनाभर रुग्णालयात पडून राहावे लागे. मुझफ्फरपूर येथे झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेदपुटिकांतील औषधाची एकच मात्रा देऊन सुमारे शहाण्णव टक्के रुग्ण बरे झाल्याचे आढळले. जुन्या पद्धतीचे यशही तितकेच होते. औषध तेच, गुण तोच. पण एका महिन्याच्या जागी एक दिवस! रोजंदारीवरच्या शेतमजुराच्या दृष्टीने पाहिले तर त्याची महिन्याची मजुरी वाचली, सोबतच्या माणसाची वाचली, आणि रुग्णालयाची खाट दुसऱ्याला मिळाली. कुपी महाग असूनही समाजाच्या एकूण हिशेबात ती स्वस्त पडते, ती अशी.

तथापि ती त्या मजुरापर्यंत बाजारभावाने पोहोचली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेने निर्मात्या गिलियड कंपनीशी वाटाघाटी करून आधी सवलतीचा दर मिळविला, आणि २०११ साली पाच वर्षांत ४,४५,००० कुप्या मोफत देण्याचा करार करून घेतला. भारताने २०१४ पासून एका मात्रेची पद्धत स्वीकारली. त्या वर्षी देशात नऊ हजारांवर असलेली रुग्णसंख्या २०२३ पर्यंत हजाराच्या खाली आली. वाळूमाशीविरुद्धच्या फवारणीचा वाटाही त्यात आहे, पण एका दिवसाच्या उपचाराने ही मोहीम पुष्कळ सुकर केली.

आणि उत्तम वाहन महागच असले पाहिजे, असेही नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील द्रावण नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. तीस टक्क्यांच्या घरातील मृत्युप्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्याही आत आले. साखर आतड्यातून शोषली जाताना मीठ आणि पाणी सोबत घेऊन जाते, हे त्यामागचे शास्त्र. शिरेऐवजी तोंडाने देणे हाच तेथला सारा शोध. एकस्व नाही, यंत्र नाही, सुई नाही. कोट्यवधी मुले ज्याने वाचविली तो मार्ग बाजाराच्या कोणत्याही अहवालात ठळकपणे दिसत नाही, कारण त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही.

वेष तेवढा बदलला तर

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात प्राण वाचविणारे ॲड्रेनलिन विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक आहे. अमेरिकेत ते ‘एपिपेन’ या आपोआप टोचणाऱ्या साधनातून विकले जाते. आतील औषध एका डॉलरच्या आसपासचे. दोन पेनांच्या संचाची किंमत २००७ साली सुमारे शंभर डॉलर होती. २०१६ पर्यंत ती सहाशे डॉलरांवर गेली. मधल्या काळात औषध बदलले नव्हते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मायलन कंपनीच्या प्रमुखांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जबाब द्यावा लागला, आणि नंतर कंपनीनेच निम्म्या किमतीत तेच साधन दुसऱ्या नावाने विकावयास काढले. जे साधन निम्म्या किमतीत देता येत होते, ते आधी का दिले नाही, याचे उत्तर ताठर मागणीत आहे.

दम्याच्या इनहेलरची कथा याहून चमत्कारिक. ओझोनचा थर वाचविण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. इनहेलरमधील औषध बाहेर ढकलणारा जुना वायू ओझोनला घातक म्हणून अमेरिकेने सालब्युटामॉलच्या जुन्या इनहेलरवर २००८ अखेर बंदी घातली. पर्यावरणासाठी ते योग्यच होते. पण नव्या वायूच्या इनहेलरांवर नवी एकस्वे होती, त्यामुळे स्वस्त पर्याय नाहीसे झाले. खाजगी विमा असलेल्या दमेकऱ्याला एका इनहेलरमागे पदरचे सरासरी १३.६० डॉलर भरावे लागत ते २००८ पर्यंत २५ डॉलर झाले. छातीत जाणारे औषध मात्र पूर्वीचेच राहिले.

नवे ते सरस असतेच असेही नाही. सुईविना हुंगून घ्यावयाचे इन्शुलिन फायझर कंपनीने २००६ साली मोठ्या गाजावाजाने आणले. जाडजूड यंत्र, वाढीव किंमत आणि फुप्फुसांविषयीची शंका यांमुळे ते चालले नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मागे घेताना कंपनीने २.८ अब्ज डॉलर खर्ची टाकले. या बाजारात जोखीम आहे, हे यावरून मान्य केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की जोखमीचा मोबदला कशाच्या आधारे ठरवायचा?

कायद्याचे दोन निकष

या प्रश्नाला आपल्या कायद्याने दोन ठिकाणी दोन उत्तरे दिली आहेत, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत.

पहिले उत्तर एकस्व कायद्यातील आहे. १९७० च्या कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम ३(ड) मध्ये स्पष्ट केले गेले की ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप म्हणजे शोध नव्हे. त्याची परिणामकारकता वाढल्याचे दाखविले पाहिजे. १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले. औषधाचे नवे रूप तीस टक्के अधिक प्रमाणात रक्तात उतरते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की औषध रक्तात अधिक उतरले एवढ्यावरून त्याचा उपचारातील गुण वाढला असे आपोआप सिद्ध होत नाही. तो पुराव्याने दाखवावा लागेल. औषधवहनाच्या साऱ्या व्यवसायाला लागू पडावा असा हा निकष आहे. रुग्णाला अधिक गुण येतो काय? येत असेल तर हक्क मिळेल, एरवी नाही.

दुसरे उत्तर किंमत नियंत्रणातील आहे. त्याच २०१३ सालच्या औषध किंमत नियंत्रण आदेशाच्या बत्तिसाव्या परिच्छेदानुसार देशी संशोधनातून विकसित झालेल्या नव्या औषधवहन पद्धतीच्या नव्या औषधाला पाच वर्षे किंमत नियंत्रणातून सूट आहे. पुढे अत्यावश्यक औषधांची यादी या आदेशाला जोडताना असे स्पष्टीकरण दिले गेले की मेदपुटिकांतील औषधे, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या अशी नव्या वहनाची रूपे यादीत नावानिशी नमूद असतील तरच नियंत्रणाखाली येतील. नावीन्याला उत्तेजन मिळावे हा हेतू स्तुत्य आहे. परंतु येथे गुण वाढल्याचा पुरावा ही अट नाही. पद्धत नवी असली की पुरे. यादीतील साध्या गोळीला कमाल किमतीची वेसण आहे. यादीबाहेरच्या औषधाची किंमत मात्र वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढविता येते. मग उत्पादकाने साधी गोळी मागे सारून तिचेच यादीबाहेरचे रूप डॉक्टरांपुढे मांडले तर त्याला दोष कसा द्यावा? आदेशच त्याला ती वाट दाखवितो.

नियंत्रण आणले तर काय होते, याचा धडा स्टेंटने दिला आहे. औषधलेपित स्टेंटवर औषध असते ते एक मिलिग्रॅमहूनही कमी. हे स्टेंट रुग्णाला सर्रास लाखाच्या वर किमतीत पडत. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्याची ७,२६० रुपये ठरविली. नफ्याचा सर्वांत मोठा लचका रुग्णालयांच्या पातळीवर तोडला जातो, असे प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून दिसले होते. शरीरात विरघळून जाणारा अत्याधुनिक स्टेंट वेगळा मानून त्याला अधिक किंमत द्यावी, अशी मागणी झाली. प्राधिकरणाने ती न मानता त्याला त्याच मर्यादेत बसविले. त्यावर शोधवृत्ती मारली जात असल्याची टीका झाली. परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ॲबट कंपनीने आपला विरघळणारा स्टेंट जगभरातून मागे घेतला. त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटहून अधिक असल्याचे चाचण्यांतून पुढे आले होते, आणि विक्रीही बेताचीच होती. नावीन्य म्हणून जी जादा किंमत मागितली जात होती, ती आपण दिली असती तर कशाची दिली असती, याचा विचार व्हावा.

कमाल किमतीलाही मर्यादा असतात, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. किंमत उतरल्यावर काही कंपन्यांनी आपले वरच्या दर्जाचे स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली. रुग्णालयांचे एकूण बिल स्टेंटच्या प्रमाणात खाली आले नाही, अशा तक्रारीही झाल्या. फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो, तसा हा प्रकार आहे.

कुपी की पेन?

हा सारा विषय सामान्य घरात कोठे येऊन भिडतो, हे पाहावयाचे तर इन्शुलिनकडे पाहावे. १९२३ साली टोरांटोच्या संशोधकांनी त्याचे एकस्व प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. १९८५ साली डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने पेन आणले, आणि इन्शुलिन घेणे चष्मा लावण्याइतके सहज झाले. पेनात मात्रा फिरवून मोजता येते, सुई बारीक असते, प्रवासात सोय होते. दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला त्याचा उपयोग निर्विवाद आहे. शिवाय आपल्याकडे कुपीत बहुधा एका मिलिलिटरला चाळीस युनिट आणि पेनात शंभर युनिट इन्शुलिन असते. चाळीसची सिरिंज शंभरच्या द्रावणाला वापरली तर अडीचपट मात्रा जाऊन साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. पेनामुळे हा घोटाळा टळतो. म्हणजे पेनाची सोय खरीच आहे, पण तिची किंमत दर महिन्याला, जन्मभर भरावयाची आहे.

सोयीवरचा ताबा दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने २०२४ साली अनुभवले. तेथील सरकारी रुग्णालयांतून मधुमेह्यांना दहाएक वर्षे मानवी इन्शुलिनची पेने मिळत होती. करार संपल्यावर उत्पादक कंपनीने पुन्हा बोली लावली नाही. उत्पादनक्षमता अपुरी असल्याचे कारण तिने दिले. त्याच सुमारास वजन घटविण्याच्या, पेनातूनच घ्यावयाच्या औषधांना श्रीमंत देशांत प्रचंड मागणी आली होती. तेथील कितीतरी रुग्णांना पुन्हा कुपी आणि सिरिंज हाती घ्यावी लागली. इन्शुलिन होते, वाहन मात्र अधिक भाव देणाऱ्या बाजाराकडे वळले.

आपल्याकडे तर वाहनाची वाट आणखी खडतर आहे. इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात साठवावे लागते. ज्या घरात फ्रिज नाही किंवा आहे पण वीज तास तास जाते, तेथे मातीचा माठ हाच शीतकपाट होतो. दुसऱ्या टोकाला सुईचा गैरवापर. या शतकाच्या आरंभीच्या अखिल भारतीय पाहणीत देशात वर्षाला सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक असुरक्षित असतात, असे आढळले होते. एकदाच वापरता येणारी सिरिंज, तापमान सोसणारे द्रावण, गावातल्या परिचारिकेला उमजेल असे साधन यांची गरज मोठी आहे, पण त्यांची गरज असणाऱ्याचा खिसा लहान. बाजार गरज मोजीत नाही. तो गरजेच्या पाठीशी असलेली क्रयशक्ती मोजतो. म्हणूनच सारे संशोधन शहरी रुग्णाच्या सुटसुटीतपणाकडे झुकते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, एकस्व कायद्यातील कसोटी किंमत नियंत्रणातही आणावी. ज्या नव्या वाहनामुळे मृत्यू घटतात, दुष्परिणाम कमी होतात, रुग्णालयातील दिवस वाचतात, त्याला सूट अवश्य द्यावी, हवी तर पाचाची सात वर्षे करावी. पण ती पुराव्यावर द्यावी. नुसते रूप नवे म्हणून सूट देणे म्हणजे वेष्टनाला बक्षीस देणे होय.

दुसरी गोष्ट, सरकारी खरेदीचे बळ वापरावे. काळा आजाराच्या कुप्या स्वस्त झाल्या त्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने एकत्र वाटाघाट केली म्हणून. तामिळनाडूने १९९४ सालीच वैद्यकीय सेवा महामंडळ काढून एकत्रित खरेदीचा पायंडा पाडला. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापिले आहे. त्याने गोळ्यांच्या घाऊक निविदांवर न थांबता इन्शुलिनची पेने, इनहेलर, मेदपुटिकांतील औषधे यांचे दीर्घ मुदतीचे करार करावेत. ठराविक मागणीची हमी मिळाली तर देशी उत्पादकही दर उतरवू शकतील. भारतात सेमाग्लुटाइडच्या मूळ रेणूवरील एकस्वाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. मुदतीनंतर रेणूची स्पर्धा वाढते, पण पेनाचे उत्पादन न वाढल्यास स्वस्ताई वाटेतच अडते.

तिसरी गोष्ट, वाहनाच्या कच्च्या मालाकडे लक्ष द्यावे. शुद्ध मेदद्रव्ये आयात करावी लागत असताना केवळ औषध देशात बनविल्याने स्वावलंबन येत नाही. औषध उद्योगासाठी पंधरा हजार कोटी रुपयांची जी उत्पादन प्रोत्साहन योजना आखली गेली, तिच्यात अशा जटिल पूरक द्रव्यांनाही स्थान आहे. ते कागदावर न राहता प्रत्यक्षात येते की नाही, हे पाहिले पाहिजे. येथे एका गोष्टीचे स्मरण उचित ठरेल. मेदपुटिकांतील ॲम्फोटेरिसिनचे भारतीय रूप विकसित करण्यात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा मोठा वाटा होता. महापालिकेचे रुग्णालय आणि सार्वजनिक पैसा यांतून असे संशोधन होऊ शकते, याचा हा दाखला आहे. २०२१ च्या मे महिन्यात वर्ध्याच्या एका कारखान्यात ॲम्फोटेरिसिनचे मेदमिश्रित इंजेक्शन बाराशे रुपयांत तयार होऊ लागल्याची घोषणा झाली, तेव्हा बाजारात कुपीचा भाव सात हजारांच्या घरात होता. दोन्ही वाहने तंतोतंत एकाच जातीची नसली तरी या दोन आकड्यांमधील अंतर पुरेसे बोलके आहे.

चौथी गोष्ट नागरिकांनी करावयाची आहे. डॉक्टरांनी नवे, महाग रूप लिहून दिले तर ‘याचे साधे रूप मला चालेल का, आणि न चालल्यास का नाही?’ एवढे नम्रपणे विचारावे. पुष्कळदा उत्तर समाधानकारक असेल. काही वेळा प्रश्नानेच चिठ्ठी बदलेल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला आहे. ही घट स्वागतार्ह खरी. पण शंभरातील एकोणचाळीस रुपये अजूनही कुटुंबालाच मोजावे लागतात, आणि त्यांत औषधांचा वाटा मोठा आहे.

औषधवहनाचे शास्त्र हे मानवी बुद्धीचे मोठे कर्तृत्व आहे, आणि त्याचा बाजार वाढणार यात संशय नाही. तो वाढावाच. मात्र बिहारच्या शेतमजुराचा महिना वाचविणारी कुपी आणि सहापट किमतीचे तेच पेन यांना एकाच ‘नावीन्या’च्या मापाने मोजण्याची चूक धोरणाने करू नये. अनुपानाची परीक्षा रोग्याच्या प्रकृतीवरून करावी, हा वैद्यांचा जुना दंडक होता. किंमत ठरविणाऱ्यांनीही तो पाळावयास हरकत नाही.